कर्वे पुतळ्याच्या आतल्या गल्लीतली वेट ट्रेनिंगची बॅच, चाळिशीच्या पुढच्यांनी जरूर बघा

पुण्यात कर्वे पुतळ्याकडून आत वळलं की एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर ही जागा आहे, बोर्ड लहान आहे त्यामुळे पहिल्यांदा जाताना पुढे निघून जाल, पण शोधा आणि जा. चाळिशीच्या पुढच्या लोकांना वजनं उचलायला शिकवणं एवढं एकच काम ते करतात, झुंबा नाही, स्टीम नाही, ज्यूसचं काउंटर नाही. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते त्यामुळे कुठल्याही जिममध्ये गेले की माझं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं, इथे जे करायला सांगतायत त्याचा स्नायूच्या पेशीवर खरंच काही परिणाम होणार आहे का, का नुसता घाम काढून घरी पाठवणार. इथलं जवळपास सगळं मला पटलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी हे करायचंच कशाला ते सांगते, कारण आपल्याकडे खूप जणांना वाटतं की काट्यावर वजन बरोबर येतंय म्हणजे झालं. आपल्याच पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजुतीला चांगला धक्का दिलाय. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही बारीकच! आणि हे मोठं झाल्यावर तळकट खाऊन होतं असंही नाही, कारण १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये त्यांच्या टीमने गरोदर बायकांचा जो अभ्यास केला त्यात जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून हलकी, आणि हे जे कमी होतं ते स्नायूंमध्ये आणि पोटातल्या अवयवांमध्ये जास्त होतं, चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. म्हणजे आपण स्नायूंची शिल्लक कमी घेऊनच जन्माला येतो. आता जेवल्यानंतर रक्तात जी साखर येते ती इन्शुलिनच्या हुकमाने सगळ्यात जास्त कुठे जाते तर स्नायूंमध्ये. स्नायूपेशीच्या आत ग्लूट-४ नावाची वाहक प्रोटीन्स साठवलेली असतात, इन्शुलिन आलं की ती पेशीच्या आवरणावर येतात आणि साखर आत घेतात. पण तोच स्नायू आकुंचन पावला, म्हणजे तुम्ही उठाबशा काढल्या, डंबेल उचललं, तर हीच ग्लूट-४ इन्शुलिनची वाट न बघता वर येतात. ज्याचं इन्शुलिन नीट काम करत नाही त्याच्यासाठी हा केवढा मोठा दुसरा दरवाजा आहे बघा. माझ्या माहेरी डायबेटिस आहे, सासरी पण आहे, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असणार. त्यामुळे वेट ट्रेनिंग ही तरुण पोरांची आरशासमोरची हौस आहे असं मला अजिबात वाटत नाही.

आता जागेबद्दल. पहिल्या दिवशी कुठलंही वजन हातात देत नाहीत. खुर्चीतून हात न लावता उठायला लावतात, एका पायावर उभं करतात, खांदा कुठवर जातो, गुडघा दुखतो का, बीपीच्या गोळ्या चालू आहेत का, डोळ्याचं ऑपरेशन झालंय का, सगळं एका जाड वहीत लिहितात. वही म्हणजे खरी वही, दोनशे पानी, तुमच्या नावाची, रॅकमध्ये ठेवलेली असते आणि प्रत्येक सेटनंतर तुम्ही स्वतःच त्यात लिहायचं, किती किलो, किती रेप्स म्हणजे किती वेळा उचललं, शेवटच्या दोन जड गेल्या का. ॲप नाही. मला ही वही सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे, आणि त्याला कारण आहे.

स्नायू वाढतो म्हणजे तंतूंची, म्हणजे स्नायूच्या लांबट पेशींची, संख्या वाढते असं नाही, मुख्यतः आहे तोच तंतू जाड होतो, त्याच्यात आकुंचन करणारी नवी प्रोटीन्स भरली जातात. आणि ती भरायचा निर्णय कोण घेतं तर पेशीतलं एमटॉर नावाचं प्रोटीन. एमटॉर म्हणजे बांधकामावरचा मुकादम समजा, वरून ऑर्डर आलीय का, विटा पोचल्यात का, मजुरी द्यायला पैसे आहेत का हे सगळं बघितल्याशिवाय तो काम सुरू करू देत नाही. ऑर्डर म्हणजे तंतूवर आलेला ताण, विटा म्हणजे जेवणातून आलेली अमायनो ॲसिड्स, विशेषतः ल्युसिन, आणि पैसे म्हणजे पेशीकडची ऊर्जा. तिन्ही जमलं की एमटॉर लायसोसोम नावाच्या पेशीतल्या छोट्या पिशवीच्या पृष्ठभागावर जाऊन कामाला लागतं, एस-सिक्स-कायनेजसारख्या पुढच्या प्रोटीन्सना फॉस्फेट जोडतं आणि रायबोसोमवर प्रोटीन बनवण्याचा वेग वाढतो. पुढच्या काही आठवड्यांत रायबोसोमसुद्धा वाढतात, म्हणजे नुसतं उत्पादन नाही तर कारखानाच वाढतो. हे एका दिवसात होत नाही.

एमटॉर सापडण्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते आणि इथे पण सांगणारच. १९६४ मध्ये कॅनडाची एक टीम ईस्टर बेटावर गेली होती, तिथून त्यांनी मातीचे नमुने आणले, त्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या लॅबमध्ये डॉ. सुरेन सेहगल या आपल्या माणसाने एक औषध वेगळं काढलं, १९७५ मध्ये त्यावर पेपर आले. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई म्हणून औषधाचं नाव रापामायसिन. पुढे ते किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटना द्यायला लागले. आणि हे औषध पेशीत नेमकं कुणाला पकडतं हे शोधताना जे प्रोटीन सापडलं ते एमटॉर. मग २००१ मध्ये उंदीर-घुशींवर प्रयोग झाले, स्नायूवर जास्तीचा भार टाकला की तो वाढतो, पण रापामायसिन दिलं की वाढ जवळपास थांबतेच. २००९ मध्ये माणसांवर झालं, काही लोकांना व्यायामाच्या आधी रापामायसिन दिलं आणि पायाच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले, तर वजनं उचलल्यावर पुढच्या तासांत प्रोटीन बनण्याचा जो वेग एरवी वाढतो तो वाढलाच नाही. व्यायाम तोच, घाम तोच, पण मुकादम बांधून ठेवलेला. मला हे वाचताना दरवेळी थरारून जायला होतं, की आपण डंबेल उचलतो आणि आत एका ठराविक प्रोटीनला ते कळतं.

तर वहीचं महत्त्व हे. ऑर्डर म्हणजे ताण, आणि स्नायूला सवय झाली की तेवढ्याच ताणाची ऑर्डर हळूहळू फिकी पडते. भार थोडा थोडा वाढवत न्यायला हवा, आणि मागच्या खेपेला काय उचललं हे लिहिलेलं नसेल तर काय वाढवणार? खूप जिममध्ये मी बघितलंय, वर्षभर तीच बाई तेच दोन किलोचे गुलाबी डंबेल तितक्याच वेळा हलवतेय आणि ट्रेनर मोबाईलमध्ये. इथे अर्ध्या किलोच्या प्लेटा आहेत. अर्ध्या किलोच्या! पुण्यात बहुतेक ठिकाणी सव्वा किंवा अडीच किलोच्या खाली काही नसतं आणि मग खांद्याच्या व्यायामाला साठीच्या बाईने एकदम अडीच किलो वाढवायचे कसे. इथे शेवटच्या दोन रेप्स सोप्या गेल्या असं वहीत आलं तरच पुढच्या वेळी अर्धा किलो वाढतो, नाहीतर नाही.

ज्यांचे गुडघे किंवा कंबर कुरकुर करतात त्यांना हलकं वजन देऊन जास्त रेप्स करायला लावतात. मला आधी ही पळवाट वाटेल की काय असं वाटलं होतं पण याला पक्का आधार आहे, २०१२ मध्ये कॅनडात एक प्रयोग झाला होता, एका पायाला कमाल वजनाच्या ३० टक्के आणि दुसऱ्याला ८० टक्के असं देऊन, दोन्हीकडे थकेपर्यंत करायचं, आणि १० आठवड्यांनी स्नायूची वाढ जवळपास सारखीच. ताकद मात्र जड वजनवाल्यात जास्त वाढते. थकेपर्यंत हा शब्द महत्त्वाचा, गप्पा मारत मारत केलेल्या तीस रेप्स मोजायच्या नाहीत, आणि इथली ट्रेनर मुलगी त्या मोजतही नाही, सरळ म्हणते, "काकू, ही धरायची नाही, परत."

अजून एक चांगली गोष्ट म्हणजे पहिल्याच आठवड्यात त्यांनी बॅचला बसवून सांगितलं की पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ताकद भराभर वाढेल पण टेपने दंड मोजू नका, फार काही दिसणार नाही. एकदम बरोबर. सुरुवातीची वाढ बरीचशी मज्जासंस्थेची असते, मेंदू आणि मणक्यातून निघणारे संदेश जास्त तंतूंना एकदम आणि नीट कामाला लावायला शिकतात. हे १९७९ पासून माहीत आहे, पण "तीस दिवसांत बॉडी" असे बोर्ड लावणाऱ्या लोकांना ते परवडत नाही.

बॅच आठवड्यातून तीनच दिवस असते, सोमवार बुधवार शुक्रवार किंवा मंगळवार गुरुवार शनिवार, आणि जास्त पैसे देतो रोज येऊ द्या म्हटलं तरी घेत नाहीत. आमच्या बॅचमधल्या एका काकांनी यावरून बराच वाद घातला. पण एकदा नीट वजनं उचलली की त्या स्नायूत प्रोटीन बनवण्याचा वेग पुढे दीड-दोन दिवस वाढलेला राहतो, नवशिक्यांमध्ये तर नक्कीच, म्हणजे तुम्ही घरी झोपलेले असताना, वरण-भात खाताना, रिक्षात बसलेले असताना काम चालूच असतं, त्यामुळे एक दिवस आड ही वेळ चांगली बसते.

इथे एक तक्रार. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं की त्यांचा संध्याकाळचा ट्रेनर अजूनही "लॅक्टिक ॲसिड साठलंय" असं सांगतो. तसं नसतं हो. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून खाली येतं, आणि हृदय आणि स्नायू ते इंधन म्हणून वापरतातसुद्धा. एक-दोन दिवसांनी जे दुखतं ते मुख्यतः वजन खाली आणताना, म्हणजे स्नायू ताणला जात असताना काम करतो तेव्हा होणाऱ्या बारीक इजेमुळे आणि त्यानंतरच्या सुजेमुळे. जिना उतरल्यावर मांड्या जास्त दुखतात, सिंहगड चढताना काही वाटत नाही आणि दुसऱ्या दिवशी उतरण आठवते, ते यामुळेच. मी त्याला समजावून सांगितलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं, बघू.

बायकांसाठी एक मुद्दा वेगळा लिहिते. बॅचमधल्या माझ्या मैत्रिणीला भीती होती, "मला ते पुरुषांसारखे दंड नको गं." बाई, स्नायूला वाढू न देणारा ब्रेक आपल्या अंगातच बसवलेला आहे. मायोस्टॅटिन त्याचं नाव, १९९७ मध्ये अमेरिकेत से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी शोधला, उंदरांमध्ये त्याचं जीन बंद केलं तर स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. बेल्जियन ब्लू जातीच्या गाईबैलांचे फोटो बघा कधी, अंगावर नुसते स्नायूंचे डोंगर, त्यांच्यात हेच जीन बिघडलेलं असतं. २००४ मध्ये जर्मनीतल्या एका लहान मुलात पण हा बिघाड सापडल्याचं छापून आलं होतं. तुमचा माझा ब्रेक शाबूत आहे, त्यात आपल्यात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी, त्यामुळे आठवड्यातून तीनदा दहा-बारा किलो उचलून कोणी पैलवान होत नाही. पाळी गेल्यानंतर स्नायू आणि हाडं दोन्ही झपाट्याने उतरतात त्याची काळजी जास्त करायला हवी.

आता खाण्याचं, कारण इथेच बहुतेक जिमवाले धंदा करतात. या जागेत काउंटरवर पावडरचा एकही डबा नाही. विचारलं तर सांगतात की आधी घरचं मोजा. आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत प्रोटीन दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम, आणि ते व्यायाम न करणाऱ्यालासुद्धा लागतंच. वजनं उचलणाऱ्यांसाठी २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूला जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणजे कोणी दोन-अडीच-तीन ग्रॅम सांगत असेल तर तो डबा विकतोय. पण आपला प्रश्न उलटाच आहे, आपण खालच्या आकड्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि वाटीभर आमटी, रात्री खिचडी, यात किती होतं ते एकदा कागदावर लिहून बघा. वाटीभर शिजलेल्या वरणात पाच-सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, पाव लिटर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांमध्ये पंचवीस. आणि वय वाढलं की स्नायू प्रोटीनला दाद कमी द्यायला लागतो, तरुणाला एका जेवणात किलोमागे पाव ग्रॅम पुरतं तिथे साठी-सत्तरीच्या माणसाला ०.४ ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे साठ किलोला एका बैठकीत चोवीस ग्रॅम. रात्रीच्या खिचडीत ते होत नाही, सोबत वाटीभर चक्का, दोन अंडी, मटकीची उसळ असं काहीतरी हवं. ट्रेनरने माझ्या बाबांना वहीच्या शेवटच्या पानावर हे मराठीत लिहून दिलं, शाकाहारी आणि अंडी खाणारे असे दोन वेगळे तक्ते, त्यात हुलग्याचं पिठलं पण होतं, बरं वाटलं. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका, हे ते स्वतःच सांगतात.

क्रिएटिनबद्दल विचारणारे खूप आहेत म्हणून दोन वाक्यं. पावडरींमध्ये ज्याला खरंच आधार आहे अशी ती एक गोष्ट, दिवसाला तीन ते पाच ग्रॅम साधं मोनोहायड्रेट, स्नायूत फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा, साठा वाढतो आणि सेटच्या शेवटच्या एक-दोन रेप्स जास्त निघतात. आपल्यासारख्या शाकाहारी लोकांच्या स्नायूत साठा मुळातच कमी असतो त्यामुळे फरक जास्त जाणवू शकतो, आणि सुरुवातीला एखादं किलो वजन वाढतं ते पाणी असतं, घाबरू नका. बाकी बीसीएए (सुट्या अमायनो ॲसिड्सची पावडर) वगैरेवर पैसे घालवू नका, त्याच पैशात अंडी येतात.

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत, ते माझ्यानंतर यायला लागले. तरुणपणी शुक्रवार पेठेतल्या तालमीत जोर-बैठका काढलेला माणूस, पण आई गेल्यावर बसूनच राहिले आणि बसची पायरी चढताना दांडा दोन्ही हातांनी धरायला लागले तेव्हा मला भीती वाटली. वयाबरोबर मणक्यातले काही मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी, मरतात, त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात, आणि झटकन जोर लावणारे जे टाइप टू तंतू, अडखळल्यावर पाय पटकन पुढे टाकायला जे लागतात, तेच आधी आणि जास्त बारीक होतात. चालण्याने हे फार भरून येत नाही, कारण हळू चालताना ते तंतू वापरलेच जात नाहीत, जोर लावावा लागला तरच मेंदू त्यांना बोलावतो. घरातले सगळे म्हणत होते या वयात वजनं कशाला, नातवंडांशी खेळा, बागेत फेऱ्या मारा. मी त्यांना १९९० चा बॉस्टनचा अभ्यास वाचून दाखवला, वृद्धाश्रमातले नव्वदीचे दहा जण, त्यातले काही काठी घेऊन चालणारे, त्यांच्याकडून आठ आठवडे पायाचा जड व्यायाम करून घेतला, आणि पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीतला स्नायू ९ टक्क्यांनी. नव्वदीत! त्यानंतर घरात कोणी काही बोललं नाही.

हे शक्य होतं त्याचं एक कारण म्हणजे सॅटेलाइट सेल. १९६१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तंतूच्या आवरणाला बाहेरून चिकटलेल्या छोट्या पेशी दिसल्या, एरवी झोपलेल्या. स्नायूतंतू ही फार विलक्षण पेशी आहे, एकाच पेशीत शेकडो-हजारो केंद्रकं, पण ती केंद्रकं स्वतः विभागत नाहीत. मग इजा झाली किंवा भार वाढला की या सॅटेलाइट सेल जाग्या होतात, विभागतात, काही तंतूत विलीन होऊन आपलं केंद्रक त्याला देऊन टाकतात आणि काही पुन्हा राखीव म्हणून बाहेर राहतात. म्हातारपणी त्या कमी होतात, उशिरा उठतात, पण संपत नाहीत. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे अजून शिल्लक आहेत ना?" आहेत.

बाबांशी इथले लोक ज्या पद्धतीने वागतात ते मला फार भावलं. अहो-जाहो करतात पण लाडावत नाहीत. "काका, खाली जाताना तीन आकडे मोजा, वर येताना मोजू नका, जोरात या." हे असं का ते आता तुम्हाला कळलं असेल, खाली जाताना ताण आणि वर येताना ते टाइप टू तंतू. हल्ली बाबा पायरी चढताना दांडा धरतात पण एकाच हाताने, आणि दुसऱ्या हातात पिशवी असते.

गणपतीत आमच्या सगळ्यांच्याच दांड्या पडतात, मग आजारपण, लग्नं, परीक्षा. इथे त्याबद्दल कोणी टोमणे मारत नाही, परत आलं की वजन कमी करून दोन आठवड्यांत पूर्वपदावर आणतात. ते जमतं कारण स्नायूला एक प्रकारची आठवण असते, तंतूत आलेली केंद्रकं व्यायाम थांबल्यावर बराच काळ टिकतात असं उंदरांमध्ये दिसलंय, माणसांत त्यावर अजून वाद चालू आहे, पण २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये सात आठवडे व्यायाम, सात आठवडे बंद आणि परत सात आठवडे व्यायाम असा प्रयोग करून डीएनएवरच्या मिथाइल खुणा, म्हणजे जीनचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा, तपासल्या, तर काही जीन्सवर पहिल्या फेरीत झालेले बदल मधल्या सुट्टीत तसेच राहिले होते. त्यामुळे दांडी पडली म्हणून फी बुडाली असं समजून सोडून देऊ नका. बाबांच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या बैठका अजून खुणांमध्ये असतील असा दावा मी करणार नाही, पण ते स्वतः करतात.

पळणाऱ्यांचा एक प्रश्न असतो, मॅरेथॉनची तयारी चालू आहे, हे पण करू का. करा, पण एकाच तासात दोन्ही कोंबू नका. दमछाकीच्या व्यायामात पेशीतली ऊर्जा उतरते, एएमपीके नावाचं ऊर्जेवर लक्ष ठेवणारं प्रोटीन जागं होतं, पीजीसी-वन-अल्फा या दुसऱ्या प्रोटीनमार्फत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली वीजघरं, वाढतात, ते उत्तमच आहे, पण एएमपीके एमटॉरला आवरतंही. १९८० मध्ये हिक्सन यांनी दाखवलं होतं की दोन्ही भरपूर प्रमाणात एकत्र केलं तर काही आठवड्यांनी ताकदीची वाढ अडते. आपल्यासारख्या साध्या लोकांनी आठवड्यातून दोनदा तळजाई टेकडीवर पळणं आणि तीनदा वजनं केलं तर काही बिघडत नाही, इथेही तेच सांगतात.

आता जे आवडलं नाही ते. लिफ्ट नाही, आणि ज्यांना जिना चढता येत नाही त्यांनाच या जागेची जास्त गरज आहे, हे मी मालकांना बोलून दाखवलंय. पार्किंग म्हणजे दुचाकी कशीबशी, चारचाकी आणूच नका. बायकांना कपडे बदलायला एकच छोटी खोली, तिला कडी नीट लागत नाही. संध्याकाळी सातच्या बॅचला गर्दी असते, रॅक दोनच, त्यामुळे थांबावं लागतं आणि एक ट्रेनर दहा जणांकडे बघतो, ते जास्त आहेत, सहाच्या वर घेऊ नयेत. एप्रिल-मे मध्ये पंखे पुरत नाहीत. फी महिन्याला २५०० रुपये, पण तीन महिन्यांची एकदम घेतात, पेन्शनवाल्यांना थोडी सवलत आहे, मागावी लागते, आपणहून सांगत नाहीत. ज्यांना चाळीस किलोचे डंबेल हवेत त्यांच्यासाठी ही जागा नाही.

शक्य असेल तर सकाळी साडेसहाची बॅच घ्या, तेव्हा ती ट्रेनर मुलगी असते आणि पाच-सहाच जण असतात. ट्रायल सेशन फुकट आहे पण आधी फोन करून वेळ ठरवावी लागते. जाताना चालू गोळ्यांची यादी, जुने एक्स-रे असतील तर ते आणि सपाट तळाचे बूट न्या, गादीसारख्या मऊ बुटांनी उठाबशा काढताना पाय डगमगतो. वही तेच देतात, पेन आपलं.